सर्जेरावांचा रॅम्प

सत्यम परवापासून लंगडत होता आणि त्याच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.

करमाडच्या डॉक्टरांनी त्याचा गुडघा दाबून पाहिला, तळवा दाबून पाहिला. लंगडायचा पाय पोरगं मधूनच बदलतं, हेही पाहिलं. मग सोनियाला म्हणाले, "ताई, याला काहीतरी पाहिजे. औषध सोडून." काय पाहिजे ते सोनियाला ठाऊक होतं. त्याला मोनालीसारखे पट्ट्यांचे बूट पाहिजे होते, मोनालीसारखी पुढं फळी लावलेली चाकांची खुर्ची पाहिजे होती, आणि आजोबांनी रोज सकाळी त्यालाही उचलून कडुनिंबाखाली न्यायला पाहिजे होतं. सहा वर्षांच्या धडधाकट पोराला उभं राहता न येणाऱ्या सात वर्षांच्या चुलत बहिणीचा हेवा वाटतो, ही गोष्ट सोनियानं बाहेर कुणाला सांगितली नाही. ऐकणाऱ्यानं लगेच विचारलं असतं, पोरगं गेलंय कुणावर?

सोनिया पोफळ्यांची थोरली सून. थोरलेपणाचे फायदे तिला लग्न ठरताना सांगितले होते; ते अजून यायचे होते. न्हाणीत फरशी बसवा म्हणून ती सत्यमच्या जन्माआधीपासून सांगत होती. सासरे, म्हणजे बद्रीनाथ अण्णा, दर दिवाळीला "बघू" म्हणत. दोन महिन्यांपूर्वी धाकटी जाऊ तनुजा चिकलठाण्याचं भाड्याचं घर नवऱ्याच्या हवाली करून मोनालीला घेऊन गावी राहायला आली, आणि आठवड्याच्या आत न्हाणीत फरशी आली, भिंतीला धरायला दांडी आली, गरम पाण्याचा नळ आला. सोनिया त्या नळाखाली अंघोळ करायची. पाणी छान गरम यायचं. त्यानं तिचा जीव जास्तच जळायचा.

पण न्हाणी परवडली, असं उंबऱ्यानं केलं. मोनालीच्या खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्याला अडायची, तर अण्णांनी सुताराला बोलावून सागवानी उंबरा काढूनच टाकला. त्याच उंबऱ्यावरचं माप पायानं ओलांडून सोनिया या घरात आली होती. आता तो गोठ्यात पडून होता आणि त्यावर शेळी बसायची.

आज धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, हे पोफळ्यांच्या घरात उरलेली तीन वर्षं विसरून मानलं जायचं. चूल पहाटेच पेटली होती. सासूबाई आशाबाई, ज्यांना सगळं घर नुसतं बाई म्हणायचं, अनारसे तळत होत्या. सोनिया कणकेच्या उंड्यात पुरण भरत होती आणि तनुजा एक कान चुलीकडं, एक कान अंगणाकडं ठेवून वेलदोडे कुटत होती.

"तनुजा, धोंडे उकडले का बघ. का मोनालीला बघायचंय?"

"बघते ना, ताई."

"नाय, मोनालीला बघायचं असंल तर बघ. आमचं बी लंगडू राह्यलंय म्हणा. पण त्याला कोण इचारतं?"

तनुजा म्हणाली, "मोनाली त्याला खुर्चीवर बसायला देती की. काल बराच वेळ दिली होती."

"देती ना. तिची खुर्ची, ती देणार. आमचा आपला बसणारा."

"दोघी गप बसा गं," बाई झारा न थांबवता म्हणाल्या. "अनारशाला जाळी पडंना तुमच्यामुळं."

*

सर्जेराव जावई गाडीतून उतरले तेव्हा दाराशी बाई होत्या, सोनियाचा नवरा शिवराज होता, आणि सुट्टी बघून चिकलठाण्याहून आलेला तनुजाचा नवरा विश्वजीत होता. अण्णा नव्हते. मागच्या अधिकात अण्णांनी स्वतः गाडीचं दार उघडलं होतं. तेव्हा गाडी जुनी होती. आता नवी घेतली तर दार सर्जेरावांना स्वतःच उघडावं लागलं.

"मामा कुठंयत?"

"शाळेकडं गेलेत, दाजी. येतीलच. तुम्ही बसा, पंखा लावतो." शिवराजला खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलण्याचं धाडस नसे, त्यामुळं तो बहुतेक वेळा पंखा लावायचा.

"शाळा तर बंद हाये. उन्हाळ्याची सुट्टी."

"व्हय. पण अण्णा गेलेत."

सर्जेरावांची बायको केसर, म्हणजे या घरची लेक, आईच्या गळ्यात पडून आत गेली. सर्जेराव पाय मोकळे करायला म्हणून शाळेकडं निघाले. शाळा समोरच्या चौकातच होती आणि तिच्याविषयी त्यांना आपुलकी होती. करमाड आणि आसपासच्या गावांत ते ठेकेदारी करत: सिमेंटचे रस्ते, सभामंडप, गटारं. सासुरवाडीच्या शाळेचा रॅम्पही त्यांनीच बांधला होता. सरकारनं सांगितलं होतं की प्रत्येक शाळेला रॅम्प पाहिजे. हा रॅम्प कागदावर होता आणि जागेवरही होता. एवढ्यावरच सर्जेराव पुष्कळ ठेकेदारांच्या पुढं होते. त्याच्या कडेला निळ्या ऑइलपेंटात त्यांचं नावही होतं.

आता त्या रॅम्पवरून पोरं घसरगुंडी खेळत. सरपंचांची बुलेट पावसात पहिल्या गियरमध्ये त्यावरून व्हरांड्यात चढे. ज्याच्यासाठी तो बांधला, तसं चाकाच्या खुर्चीतलं लेकरू मात्र त्यावर कधी चढलं नव्हतं. तसं लेकरू शाळेत आलंच नव्हतं, त्यामुळं तक्रार नव्हती.

सर्जेरावांनी फाटकातून पाहिलं तर अण्णा भर उन्हात दोरी धरून उभे होते. दोरीचं दुसरं टोक खुर्चीत बसलेल्या मोनालीच्या हातात होतं. मधे पहिलीच्या वर्गशिक्षिका मेघा मॅडम खडूनं जमिनीवर खुणा करत होत्या.

"या, जावईबापू, या!" अण्णा म्हणाले. "बरे टायमावर आले. हे टोक धरा जरा, हिचा हात दुखू राह्यला."

धोंड्याच्या महिन्यात, पाय धुवायच्या आधी, जावयाच्या हातात सुतळी! सर्जेरावांनी ती धरली. न धरावी तर मामा म्हातारे, आणि धरावी तर आपण कोण, असा तो प्रसंग होता.

"नमस्कार, सर," मेघा मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच भेटलात ते बरं झालं. तुमचा रॅम्प फोडायचाय."

"फोडायचा? मॅडम, पास झालेलं काम हाये ते. साहेबांची सही हाये."

"साहेब चढून बघायला आले होते का?"

"साहेब कामून चढतील? साहेबांला पाय हायेत."

बोलून झाल्यावर ते सर्जेरावांना ऐकू आलं. आधी हसली ती मोनाली. तिचं बोलणं हळूहळू यायचं, शब्द वाटेत थांबत थांबत. हसणं मात्र एकदम पूर्ण यायचं.

मेघा मॅडम हसल्या नाहीत. "हिनं एकटीनं वर यायला पाहिजे, सर. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागती. तुमचं एका फुटाला दोन फूटसुद्धा नाय. हा रॅम्प नाही, जरा कललेली भिंत आहे."

सर्जेरावांना मॅडमचा राग आला नाही. मॅडम परक्या होत्या. त्यांना राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मोनालीच्या कपाळावर घाम आला होता आणि तो अण्णांनी आपल्या उपरण्यानं टिपला. तेच जरीकाठी उपरणं. मागच्या अधिकात याच उपरण्यानं अण्णांनी त्यांचे पाय पुसले होते. आणि आज ते सकाळपासून घामात भिजू राहिलं होतं.

*

पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, आणि जावयाचे पाय तांब्याच्या ताटात धुतले गेले. पुसायला अण्णांनी कोरा टॉवेल घेतला. सर्जेरावांनी ते पाहिलं. तेहतीस अनारशांवर दिवा ठेवून वाण दिलं गेलं. केसरला साडी, जावयाला सफारीचं कापड. आता राहिली रीत.

पोफळ्यांच्या घरची रीत अशी की पहिला घास घ्यायच्या आधी जावयानं एक मागणं मागायचं. सासऱ्यानं "दिलं" म्हटल्याशिवाय जावयानं ताटाला हात लावायचा नाही, आणि एकदा "दिलं" म्हटलं की ते फिरत नाही. सर्जेरावांनी पहिल्या अधिकात घड्याळ मागितलं होतं, दुसऱ्यात मोटारसायकल. यंदा अंगठी मागणार, हे केसरनं फोनवर आधीच कळवलं होतं, आणि अंगठी बाईंच्या कनवटीला तयार होती. त्यामुळं मागण्याचं सगळ्यांना आश्चर्य वाटायची तयारी झाली होती.

"बोला, जावईबापू," अण्णा म्हणाले. "काय इच्छा?"

"काय नको, मामा. देवानं लई दिलंय." सर्जेराव ताटाकडं बघत म्हणाले. "फक्त माझा रॅम्प फोडू नका."

पुरणाची वाफ तेवढी हलत राहिली.

"अहो," केसर पदराआडून पुटपुटली, "अंगठी. अंगठी मागा ना."

"दाजी, असं कसं म्हणता..." विश्वजीत उठायला लागला.

"विश्वजीत," अण्णा म्हणाले. "पाटावरच्या माणसाशी वाद घालायचा नाय."

शिवराज खाली बघत होता. तो शाळा समितीचा अध्यक्ष होता; रॅम्प फोडायचा ठराव त्याच्याच सहीनं झाला होता. तरी त्याला आतून थोडं गार वाटलं. मोसंबीच्या बागेला ठिबक टाकू, म्हणून तो दोन वर्षं अण्णांच्या मागं होता. ठिबक पुढच्या साली, रॅम्प याच साली. तो गावात राहिला, गुरं पाहिली, बांधावरची भांडणं अंगावर घेतली. विश्वजीत शेंद्र्याच्या कंपनीत एसीमध्ये बसतो आणि त्याची लेक आजोबांच्या कडेवर. हे बरोबर नाही, असं त्याला वाटलं. मग हे वाटणंही बरोबर नाही, असं वाटलं. तेव्हा त्यानं उठून पंखा वाढवला.

तनुजा तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. तिला सर्जेरावांचं बोलणं ऐकू आलं, आणि त्यामागून चिकलठाण्याच्या त्या मोठ्या शाळेतल्या बाईही ऐकू आल्या. त्यांनी फार छान चहा पाजला होता. "आम्हाला तर घ्यायचंच आहे हो, पण आमचे वर्ग वरच्या मजल्यावर. आणि इतर पालकांचाही विचार करावा लागतो ना." दुसऱ्या एका शाळेनं घेतली होती. तिथं उचलून न्यायला-आणायला एक मावशी होत्या आणि त्यांना इतर पण कामं होती. मोनालीनं कुणाला न सांगता पाणी प्यायचं सोडून दिलं. पाणी प्यायलं की मोरीवर जावं लागतं, मोरीवर जायचं तर मावशींना हाक मारावी लागते. रोज दुपारी घरी यायची तेव्हा ओठ फुटलेले असायचे. तनुजाला हे कळायला पावसाळा उलटून गेला होता.

म्हणून ती इथं आली होती. मेघा मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "आणा की. हिचा हक्क आहे, आणि वर्गात जागा पण आहे." विशेष शिक्षक आठवड्याला गावात येत होते, हाताचे व्यायाम करून घेत होते. तनुजा म्हणाली होती, मी उचलून वर नेईन रोज. त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "उचलून आणलेलं लेकरू पाहुणं राहतं, ताई. मनाला येईल तेव्हा स्वतः वर्गाबाहेर जाता आलं, की मग ते वर्गातलं होतं." त्या बोलण्यावर तनुजानं शहर सोडलं होतं. आणि आता तूप गोठू राहिलं होतं.

"दिलं," अण्णा म्हणाले.

केसरनं कपाळाला हात लावला. सर्जेराव स्वतःही दचकले. निदान थोडं तरी समजावतील, अशी त्यांची अपेक्षा होती. समजावून घेण्यात जावयाचा निम्मा मान असतो.

"म...," मोनाली पलीकडच्या खोलीच्या दारातून म्हणाली. घर थांबलं. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची या घराला आता सवय झाली होती. "मग मी... कुठून... चढू?"

"तू नाय चढायची, बाळा," अण्णा म्हणाले. "आपण चिकलठाण्याला जाऊ. तिथं तळमजल्याची शाळा हुडकू. मी रोज नेईन, मी आणीन. तनुजा, माझं अंथरूण तुमच्या पुढच्या खोलीत टाक. बाई बी येतील. इथलं काय, शिवराज बघंल."

*

सोनियानं हे ऐकलं तेव्हा तिच्या हातात धोंड्यांचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

आत्तापर्यंत ती सर्जेरावांच्या बाजूनं होती. उघड नाही, पण दाजींनी रॅम्पचं म्हटलं तेव्हा तिनं त्यांच्या ताटातला कुरडईचा तुकडा बदलून मोठा ठेवला होता. रॅम्प होत नाही, मोनालीची शाळा होत नाही, तनुजा जाते परत. उंबरा बसवून घेऊ. इथपर्यंत सगळं झकास होतं.

पण अण्णा तिकडं? अण्णा तिकडं म्हणजे बाई तिकडं. म्हणजे गाव काय म्हणणार? थोरलीनं म्हातारा-म्हातारीला सांभाळलं नाय, धाकटीनं नेलं. पंधरा वर्षं भाकरी हिनं थापल्या, आणि सोसायटीतल्या बायकांपुढं "आमचे सासू-सासरे आमच्याकडंच असतात हो" असं तनुजा म्हणणार. पायाला तेल लावून घ्यायला ते तनुजाच्या पुढच्या खोलीत बसणार. तनुजाला फरशी मिळाली, नळ मिळाला, उंबरा निघाला. आता सासरेही?

सोनियानं तनुजाच्या हातातली तुपाची वाटी घेतली आणि ती पुढं झाली.

"घ्या, दाजी, तूप घ्या. बरं केलं बाई तुम्ही. रॅम्प राहू द्या. खामखा नव्याचा खर्च. तसं बी नवा करायचा म्हणजे कडुबालाच सांगावं लागलं असतं."

सर्जेरावांचा हात ताटावर थांबला. कडुबा हा पलीकडच्या गावचा ठेकेदार. सभामंडपाच्या एका कामापासून दोघांचं बोलणं बंद होतं. समोरासमोर आले तर दोघंही फोन कानाला लावत.

"कडुबाचा काय संबंध?"

"काय नाय हो. त्यानं केलाय ना त्यांच्या शाळेला. लांबच्या लांब, वळण घेऊन. दोन्ही बाजूंनी स्टीलचे कठडे. मधी थांबायला ओटा. त्यांच्या गावचं एक लेकरू आपलं आपण सुर्रकन वर जातं म्हणे. मोठे साहेब बघायला आले, कडुबाला शाल दिली."

कडुबानं रॅम्प केला होता, हे खरं. कठडेही खरे होते. शाल सोनियानं आत्ता, तूप वाढता वाढता दिली.

"शाल?"

"शाल, श्रीफळ. फोटो बी काढला. आणि वर काळ्या दगडाची पाटी, सोनेरी अक्षरांची. तुमचं आपलं निळ्या पेंटातलं बरं हाये, दाजी. साधं."

शिवराजनं बायकोकडं पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि ही बाई आपल्या घरात असते, हे त्याला पहिल्यांदाच उमगत होतं.

"कडुबा लई गुणाचं पोरगं," बाई कढईकडं बघत म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कडुबाला पाहिलं नव्हतं. "त्याच्या सासऱ्यानं तर म्हणे गावभर मिरवला त्याला. खांद्यावर."

"खांद्यावर?" केसर म्हणाली.

"खांद्यावर."

सर्जेरावांनी पाणी प्यायलं. मग घसा साफ केला. "मामा, मी काय म्हणतो, मागणं जरा फिरवून मागतो."

"आता कसं फिरंल?" अण्णा अगदी दुःखी चेहऱ्यानं म्हणाले. "रीत हाये, जावईबापू. दिलं म्हणजे दिलं. या गावात तुमच्या रॅम्पला कुणी हात लावणार नाय. माझा शब्द हाये."

"पण मीच म्हणू राह्यलो ना!"

"तुम्ही म्हणाल हो. पण बेइज्जती कुणाची? माझी. वाडवडलांची रीत मोडली म्हणतील."

"अहो मामा, त्या कडुबानं... तुम्हाला समजंना का? ती पोरगी चढायची कुठून?"

हा प्रश्न थोड्या वेळापूर्वी याच घरात विचारला गेला होता, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

"जावयानं आपल्या हातानं आपलं काम फोडलं, तर त्यात सासऱ्याचा शब्द मोडत नाय," बाईंनी निकाल दिला. "दुसऱ्यानं फोडायचा नाय, एवढंच ठरलंय."

"मीच फोडतो!" सर्जेराव पाटावरून उठायलाच लागले.

"जेवून," अण्णा म्हणाले. "आधी जेवून घ्या." आणि त्यांनी स्वतः उठून उपरण्याच्या टोकानं जावयाच्या पुढची सांडलेली तुपाची धार पुसली. सर्जेरावांनी ते उपरणं ओळखलं आणि एकाऐवजी चार धोंडे खाल्ले. अण्णांचं चिकलठाण्याला जाणं कितपत खरं होतं, हे पोफळ्यांच्या घरात पुढंही कुणी विचारलं नाही.

स्वयंपाकघरात तनुजा सोनियाजवळ आली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"मी तुझ्यासाठी नाय केलं," सोनिया म्हणाली.

"माहितीये, ताई."

"अण्णांला न्यायचं नाव बी काढायचं नाय."

"नाही काढणार."

"आणि तो उंबरा गोठ्यातून उचलून माळ्यावर ठेवायचा. शेळी बसती त्याच्यावर."

"आजच ठेवते," तनुजा म्हणाली, आणि सोनियाला जरा निराश वाटलं. तिला अजून बोलायचं होतं.

*

सर्जेरावांनी पहिला घाव आहेराच्या नव्या सफारीत घातला. शिवून झाल्याशिवाय मुहूर्त करायला ते तयार नव्हते. पुढचं काम त्यांच्या माणसांनी केलं आणि सर्जेराव रोज छत्री घेऊन उभे राहिले. मेघा मॅडमनी सांगितली होती त्याहून त्यांनी लांबी वाढवली, कारण कडुबाचा रॅम्प त्यांनी गुपचूप जाऊन मोजून आणला होता. कठडे दुहेरी लावले, एक मोठ्यांच्या हाताला, एक लहानांच्या. मागच्या बाजूनं मोरीपर्यंत सपाट वाट केली आणि मोरीचं दार रुंद केलं. हे कडुबाला सुचलंच नव्हतं. काँक्रीटला पाणी मारायला शिवराज जायचा. पाटीचं मेघा मॅडमनी "पुढं बघू" म्हणून सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीच्या लेकरांना सजवलेल्या ट्रॅक्टरमधून आणलं. सत्यमचं लंगडणं आदल्या संध्याकाळीच बरं झालं होतं, कारण उतारावरून पळत यायला दोन्ही पाय लागतात असं त्याच्या ध्यानात आलं होतं. मोनालीनं फाटकापाशी आजोबांना हातानं थांबवलं. चाकं तिनं स्वतः फिरवली. ती हळू गेली, ओट्यावर थांबून दम घेतला, वळली, पुन्हा गेली, आणि व्हरांड्यातून आत दिसेनाशी झाली. सर्जेराव टाळ्या वाजवत होते. फोटोत आपण यावं म्हणून ते जरा पुढं सरकून वाजवत होते, पण डोळे मात्र खरोखरच पुसत होते.

तनुजानं महिनाभर वर्गात बसायची तयारी करून आणली होती. डबा, जास्तीचा फ्रॉक, स्वतःला बसायला सतरंजी. मेघा मॅडमनी ती सतरंजी तिच्या हातात परत दिली. "तुम्ही जा, ताई. लागलं तर बोलावते."

ती खिडकीशी थांबली. मोनालीचं टेबल दुसऱ्या रांगेत होतं, शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी. मोनाली तिला काहीतरी सांगायला लागली. तनुजाच्या ओठांवर ते वाक्य आपोआप आलं; मोनाली बोलायला लागल्यापासून तेच चाललं होतं, अर्धं मोनाली म्हणायची, अर्धं तनुजा पुरं करायची. जगात तेवढं एकट्या तनुजालाच यायचं. वेण्यांवालीला ते येत नव्हतं. म्हणून ती हनुवटीखाली हात ठेवून नुसती वाट बघत बसली. मोनालीनं वाक्य पुरं केलं. सगळं. आणि तनुजानं धरलं होतं त्यापेक्षा ते वेगळं असावं, कारण दोघी एकदम फसकन हसल्या. कशाला हसल्या ते काचेपलीकडं ऐकू आलं नाही. मोनालीनं एकदाही खिडकीकडं पाहिलं नाही.

"जळतंय का गं?" बाजूला सोनिया उभी होती. सत्यमला सोडून ती निघाली होती, पण तनुजाचा चेहरा बघून थांबली. त्या विषयात तिची नजर तयार होती.

"काय, ताई? कुठं काय?"

"काय नाय. पहिल्यांदा लई जळतं. नंतर सवय होती."

तनुजानं सतरंजी छातीशी घट्ट धरली. मग खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "ताई, ती दोन वेण्यांवाली कुणाची हो?"

सोनियाला फार दिवसांनी आपल्या जावेविषयी माया दाटून आली. तिनं तनुजाचा दंड धरला आणि तिला खिडकीपासून हलकेच बाजूला ओढलं.

"चल, चहा टाकते. सगळं सांगते," ती म्हणाली. "तिच्या आईचा तर तोरा असा हाये ना..."